चार बोटं उजेड

पेटीचं झाकण उघडलं ते जेमतेम चार बोटं.

पेटी पत्र्याची, आतून काळी रंगवलेली. तळाशी बर्फाचा चुरा, त्यावर पसरट ताटली, आणि ताटलीत ओळीने मांडलेले माकुळांचे, म्हणजे स्क्विडचे, चाळीस डोळे. सकाळचे साडेसात वाजले होते. धक्क्यासमोरच्या बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्यावरून सूर्य नुकताच वर आला होता, आणि त्या चार बोटांच्या फटीतून त्याचं ऊन तिरकं आत शिरलं होतं. पहिली ओळ ओलांडून दुसरीवर, दुसरी ओलांडून तिसरीवर. शेवटच्या ओळीवर मात्र अजून झाकणाची सावली होती. तिने हे सगळं नीट बघितलं, मनात नोंदवलं, आणि मग ती ओरडली.

“झाकण!”

समोरचा माणूस इतका दचकला की झाकण त्याच्या हातून पुरतंच उघडं पडलं. शेवटची ओळही उन्हात न्हाऊन निघाली.

“काय झालं? आत काही निघालं का?”

“बंद करा! आधी बंद करा हो!”

त्याने झाकण आदळलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले, जणू आतून काहीतरी उडी मारून बाहेर येणार होतं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्याला बर्फाची लादी ओढायचा लोखंडी आकडा अडकवलेला. तिशीचा असेल. बर्फाच्या कारखान्याचा मालक हाच, हे तिला माहीत होतं. बोलण्याची वेळ आजवर आली नव्हती.

“ताजे आहेत हो,” तो म्हणाला. “तेच तर दाखवत होतो. माल उजेडात धरून, उघडून दाखवायचा, ही आमच्या धंद्याची रीत. झाकून माल देतो त्याच्या मनात काळंबेरं असतं, असं माझे वडील म्हणायचे.”

“तुमचे वडील बरोबरच म्हणायचे,” ती म्हणाली. “पण हा माल बघितला की संपतो.”

दोन वर्षं दर मंगळवारी मामा तिच्यासाठी हे काम करत आले होते. मामा म्हणजे कारखान्यातले जुने कामगार, धक्क्यावरच्या सगळ्यांचेच मामा. जिवंत माकुळं काळ्या टाकीत अंधारात ठेवायची, मग मिणमिणत्या लाल दिव्यात डोळे काढून पेटीत भरायचे, आणि पेटी बंद ती बंदच तिच्या हातात द्यायची. आज मामांची पाठ धरली होती. त्यांनी मालकाला सगळं सांगितलं होतं. लाल दिवा सांगितला, बर्फ सांगितला. झाकणाचं सांगायचं राहून गेलं. उघडायचं नाही हे मामांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते सांगावं लागेल असं त्यांना सुचलंच नाही.

“म्हणजे आता हे...”

“निकामी. मला हवं ते घडून गेलं. मला ते घडताना बघायचं होतं.” तिने पेटीकडे पाहिलं. “आणि लेझरची माझी पाळी परवा आहे. पुढची सहा आठवड्यांनी.”

“माझ्या चार बोटांनी तुमचे सहा आठवडे खाल्ले तर.”

“हो.” याहून गोड उत्तर तिला सुचलं नाही.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

पुढे ‘पण’ नाही, ‘मला काय माहीत’ नाही, मामांवर ढकलणं नाही. चुकलं, आणि पूर्णविराम. तिच्या प्रयोगशाळेत एवढं एक वाक्य बाहेर पडायला माणसं तीन बैठका घेत.

तो मात्र अजून पेटीकडेच बघत होता. “एक विचारू? रागावू नका. डोळे तर उजेडासाठीच असतात ना? मग चार बोटं उजेडाने त्यांचं एवढं काय बिघडतं?”

तिला घाई होती. प्रयोगशाळेत सरांना कळवायचं होतं, पाळी कुणाला तरी द्यायची होती. पण गेल्या कित्येक वर्षांत पाहुण्यांनी, शेजाऱ्यांनी, सख्ख्या ताईनेसुद्धा तिच्या कामाबद्दल विचारलेल्या प्रश्नांत इतका नेमका प्रश्न एकही नव्हता. तिने हात पुढे केला. “तो आकडा द्या बघू.”

त्याने खांद्यावरचा आकडा काढून दिला. जड होता, आणि गार.

“डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक रंगद्रव्य असतं. त्यात असा एक रेणू बसलेला असतो. इतका बारीक की कशानेच दिसणार नाही, पण आकार असाच. इथे वाकलेला. आणि तो एका कप्प्यात बसवलेला असतो, अगदी अंगाला चिकटून. उजेडाचा एक कण येऊन त्याच्यावर आदळला, की हा बाक सरळ होतो. बस. तुम्ही जे काही बघता — समुद्र, बोटी, माणसं — त्याची सुरुवात एवढीच.”

“सरळ व्हायला वेळ किती लागतो?”

हा दुसरा नेमका प्रश्न.

“एका सेकंदाचे इतके तुकडे करा,” ती म्हणाली, “की एकेका तुकड्याला एकेक सेकंद देऊन मोजत बसलात तर तीन कोटी वर्षं लागतील. त्यातले फक्त दोनशे तुकडे. तेवढ्या वेळात खुद्द उजेडही केसाच्या जाडीएवढाच पुढे सरकतो.”

आधी त्याने आकड्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे, जिथे ऊन नुसतं चमचम करत होतं. मग स्वतःच्या हाताकडे.

“आणि हे माझ्या डोळ्यात चाललंय? आत्ता?”

“आत्ता. मी बोलतेय तेवढ्यात कोट्यवधी वेळा झालं.”

त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही... पहिल्यांदाच काहीतरी बघत असल्यासारखं जपून पाहिलं.

“बाप रे,” तो हळूच म्हणाला. “आता बघायचीसुद्धा भीती वाटायला लागली.”

प्रयोगशाळेकडे जाताना रिकामी झालेली पेटी तिच्या मांडीवर होती. सहा आठवडे गेले होते. वाईट वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण मधूनच ओठांचे कोपरे आपोआप वर जात होते, आणि ते का, हे तिने नोंदवलं नाही.

*

पुढच्या मंगळवारी त्याने नवी पेटी आणली. तिला दोन दारं होती. बाहेरचं दार बंद झाल्याशिवाय आतलं उघडतच नव्हतं, आणि फटींना आतून काळ्या मखमलीच्या पट्ट्या लावलेल्या.

“उजेडाच्या बापालाही आत जाता येणार नाही,” तो अभिमानाने म्हणाला.

“बघू,” ती म्हणाली, आणि पिशवीतून काळ्या पाकिटात ठेवलेली फोटोच्या कागदाची पट्टी काढली. “ही अंधारात आत ठेवा. पेटी दिवसभर उन्हात ठेवा. मी पट्टी धुऊन बघते. उजेड लागला असेल तर काळी होईल.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.”

“तुमच्यावर आहे. बिजागरीवर नाही.”

पट्टीचा एक कोपरा करडा निघाला. दोष बिजागरीचाच होता. धक्क्यावर हसं झालं. मामा आता पाठीला पट्टा बांधून खुर्चीवर बसून हुकूम सोडत. “डोळेबाईंनी मालकाला नापास केलं रे!” ते चारचौघांत ओरडले. धक्क्यावर तिला सगळे डोळेबाईच म्हणत, हे तिला त्या दिवशी कळलं. त्याने बिजागरी बदलली. दुसऱ्या पट्टीवर सुईच्या टोकाएवढा एक ठिपका आला. त्याने पत्र्याचा जोड पुन्हा झाळून घेतला. तिसरी पट्टी धुतली तेव्हा ती पांढरीशुभ्र निघाली. कुठे डाग नाही, सावली नाही.

ती पट्टी दाखवायला ती मंगळवारची वाट न बघता शुक्रवारीच धक्क्यावर गेली. नंतर तिला वाटलं, फोनवरही सांगता आलं असतं.

“कोरी आहे,” तो पट्टी उलटीसुलटी करत म्हणाला.

“कोरी म्हणजे पास. पैकीच्या पैकी.”

“जन्मात पहिल्यांदा माझा कोरा पेपर बघून कुणीतरी खूश झालं.” त्याने पट्टी खिशात घालायच्या आधी हातांवर फुंकर मारली, बोटं कोरडी केली. “ही मी ठेवू?”

“काहीच नाहीये हो तिच्यावर.”

“म्हणूनच.”

तेव्हापासून मंगळवार जरा लांबत गेले. पेटी घ्यायला पाच मिनिटं पुरत, ती पाऊण तास थांबे. तो विचारत राही. एकदा म्हणाला, “मला हे कळत नाही, की यांना बोटीवर दिवे लावून पकडतात. उजेड दिसला की वेडी होऊन वर येतात. आणि तुम्ही म्हणता, उजेड लपवा.”

“मला त्यांचा पहिला उजेड हवा असतो. पकडायच्या वेळचा वापरलेला. म्हणून आधी काळी टाकी. अंधारात ते रेणू पुन्हा बाकदार होऊन जागेवर बसतात.”

“म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?”

“पुन्हा पहिल्यापासून.”

“हे बरं आहे,” तो म्हणाला. “माणसांना नसतं का असं?”

तिने पेटी उचलली, आणि त्या दिवशी पाऊण तासाची पाच मिनिटंच झाली.

*

कारण माणसांचं तिला माहीत होतं.

चोविसाव्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलगा हसरा, घर चांगलं, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत तिने ‘हो’ म्हटलं होतं. का म्हटलं हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. त्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरा कुणी असता तर त्यालाही म्हटलं असतं. अकरा महिन्यांनी साखरपुडा मोडला, तिनेच मोडला, आणि पुढचे कित्येक महिने तिच्या बाबांनी दुकानात मान खाली घालून घड्याळं दुरुस्त करण्यात काढले. ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तिने ‘हो’ हा शब्द जपून कुलपात ठेवला होता. घर बदलायचं? बघू. परिषदेला जायचं? बघू. ताई म्हणे, “हिला चप्पल आणायला पाठवलं तर अनवाणीच परत येईल.” बाबा डोळ्याला भिंग लावून हसत आणि म्हणत, “येऊ दे. पाय तर शाबूत राहतील.”

आणि अशा बाईला त्याने विचारलं.

तो तिला कारखाना दाखवायला घेऊन गेला होता. आत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, त्यात बुडवलेले उंच डबे, वर लाकडी फळ्या. प्रत्येक डब्यात वरून हवेची बारीक नळी सोडलेली, बुडबुडे सतत वर येत असलेले.

“हे नसलं, आणि घाई केली, की बर्फ पांढरा होतो,” त्याने सांगितलं. “हवा आत अडकते. बाहेरून झटपट गोठतं आणि आतली घाण आतच राहते. हळूहळू, पाणी हलतं ठेवत गोठवलं, तर...” त्याने एक डबा साखळीने वर उचलला, साध्या पाण्यात क्षणभर बुडवला. आतली लादी सुटली आणि घसरत बाहेर आली. त्याने आकड्याने ओढून ती उभी केली. “दीड दिवस लागला हिला.”

लादी काचेसारखी होती. काचेहून स्वच्छ. ती एका बाजूला उभी राहिली, तो दुसऱ्या. मधल्या हातभर बर्फातून त्याचा चेहरा जसाच्या तसा दिसत होता. डाव्या भुवईवरची जुनी खूण, ओल्या केसांची एक बट, सगळं. फक्त पाणी ओघळत होतं तिथे त्याचे ओठ जरा हलल्यासारखे दिसत होते. मग तिच्या लक्षात आलं, ते खरोखरच हलत होते.

“लग्न कराल माझ्याशी?”

टाकीतले बुडबुडे वर येत राहिले. तिचा श्वास बर्फावर पडला आणि त्याचा चेहरा धुक्यात गेला. ते धुकं पुसायला तिने हात उचलला, तो मधेच थांबला.

“बघू,” ती म्हणाली.

पलीकडून तोच आवाज, जरासा हसरा. “बघा. तुमचं कामच ते.”

त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही. एक महिना गेला, दोन गेले. पेट्या येत राहिल्या, पट्ट्या कोऱ्या निघत राहिल्या. लेझरच्या पाळ्या येऊन गेल्या, पण रंगद्रव्य अजून पुरेसं साठलं नव्हतं. तो तितकंच हसे, तितकेच प्रश्न विचारे. ती रोज संध्याकाळी घरी जाताना ठरवे की उद्या ठरवायचं.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी त्याने पेटी दिली आणि हात तिथेच पेटीवर ठेवला.

“एक सांगायचं होतं. मावशीने एक स्थळ आणलंय. आईने मला विचारलं, त्या डोळेबाई काय म्हणाल्या? मी म्हटलं, बघू म्हणाल्या. आई म्हणाली, चार महिने? एवढ्यात तर माणूस आंधळा असला तरी बघून होतं.”

तिला हसू आलं.

“मी घाई करत नाही,” तो म्हणाला. “नाही म्हणालात तरी मंगळवारची पेटी येणारच. तिचा याच्याशी संबंध नाही. पण रविवारी मावशी येणार आहे. आईला काहीतरी सांगावं लागेल. ‘हो’ सांगता येतं, ‘नाही’ सांगता येतं. ‘बघू’ मला सांगता येत नाही.”

“शनिवारी माझी लेझरची पाळी आहे,” ती म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं. मग तिचं तिलाच नवल वाटलं, कारण तोंडून पुढचं वाक्य निघून गेलं होतं. “याल बघायला? तुमच्याच पेट्यांतलं आहे सगळं.”

*

शनिवारी दुपारी बाहेर लख्ख ऊन होतं आणि प्रयोगशाळेच्या त्या खोलीत काळाकुट्ट अंधार. सर दारापर्यंत आले, पाहुण्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “हेच का ते चार बोटंवाले?” मग तिला म्हणाले, “मी वर आहे. काही दिसलं तर हाक मार. नाही दिसलं तरी मार.” आणि गेले.

आत कोपऱ्यात एकच लाल दिवा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. संगणकाच्या पडद्यावरही लाल कागद चिकटवलेला. लेझरचं टेबल काळ्या पडद्यापलीकडे होतं.

“मला काहीच दिसत नाही,” तो म्हणाला.

“हात द्या.”

त्याचा हात गार होता. नेहमीच गार असणार. तिने त्याला स्टुलापर्यंत नेलं, बसवलं, आणि हात सोडायला जितका वेळ लागायला हवा त्याहून जरा जास्तच लागला.

“आता अर्धा तास नुसतं बसायचं. डोळे तयार होऊ द्यायचे. बाहेरच्या उन्हाने तुमच्या डोळ्यातले कितीतरी रेणू सरळ झालेत. सरळ व्हायला काहीच लागत नाही. पण पुन्हा बाक देऊन जागेवर बसवायला वेळ लागतो.”

“आणि बसले की?”

“मग वाट बघतात. आपल्या डोळ्यातला असा एखादा रेणू नुसत्या अंधारात ठेवला, तर तो आपणहून, चुकून वळायला शेकडो वर्षं लागतील. उजेड नसताना उजेड आला असं तो सहसा सांगत नाही. डोळ्यात असे अगणित रेणू असतात, आणि सगळे गप्प बसून असतात. म्हणून तर अंधार अंधार दिसतो.”

यंत्रांची बारीक घरघर.

“शेकडो वर्षं,” तो अंधारातून म्हणाला. “आणि मी चार महिन्यांत कुरकुरलो.”

“तुम्ही कुरकुरला नाहीत.”

“मनात. पुष्कळ.”

ती हसली. आता तिला त्याची बाह्याकृती दिसायला लागली होती. आधी खांदे, मग कपाळ. त्यालाही दिसत असणार, कारण तो म्हणाला, “अरे... तुम्ही आहात की तिथे.”

तिने काम सुरू केलं. करता करता सांगत गेली, कारण तो विचारतच होता. आधी लेझरचा एक ठोका नमुन्यावर पडतो आणि रेणूला जागं करतो. मागून दुसरा येतो आणि रेणूचं काय झालं ते बघतो. दुसऱ्याला किती उशीर करायचा, ते एक आरसा ठरवतो. आरसा केसाच्या निम्म्या जाडीएवढा मागे सरकवला, की उजेडाला तेवढं जाऊन यावं लागतं, आणि तो दोनशे तुकडे उशिरा पोहोचतो.

“वेळ मोजायला आरसा सरकवायचा,” तो म्हणाला. “घड्याळ नाहीच?”

“इतकं बारीक घड्याळ बाबांकडेही नाही.”

आधी तिने तोच रेणू कप्प्यातून सुटा करून मद्यार्कात ठेवलेला नमुना लावला. तुलनेसाठी. पडद्यावर ठिपके उमटू लागले. एकेक ठिपका आला, रेघ हळूहळू चढली, रेंगाळली, बरीचशी परत उतरली.

“हा असा का चाललाय?”

“हा सुटा आहे. कप्पा नाही. उजेड पडला की गडबडतो. कधी इथे वळतो, कधी तिथे, आणि बहुतेक वेळा न वळताच परत जातो. तीन-चार हजार तुकडे जातात त्यात.”

“आणि माझे?”

“तुमचे हे.” तिने दुसरा नमुना सरकवला. माकुळांचं रंगद्रव्य, चौदा पेट्यांमधून गोळा झालेलं, काचेच्या नळीत जेमतेम अर्धा चमचा.

आरसा सरकला. एक ठिपका, शून्यावर. पुन्हा सरकला. शून्य. पुन्हा... आणि रेघ उठली. चढली नाही, उठली. चार ठिपक्यांत खालून वर, सरळ, आणि वर गेली ती तिथेच राहिली.

तिने आकडा वाचला. दोनशेच्या आसपास. तिने पुन्हा घेतला. तोच. तिसऱ्यांदा घेतला. दोन वर्षं तिला ठाऊक होतं की असं होतं. पुस्तकात होतं, दुसऱ्यांनी मोजलेलं होतं. पण आपल्या डोळ्यांदेखत, समुद्रातून आलेल्या एका जिवाच्या डोळ्यात, दृष्टीचा पहिला क्षण पडद्यावर उभा राहिला होता. आणि तो बघायला तिच्या स्वतःच्या डोळ्यात तेच घडत होतं. दोन्हीकडे तेच, त्याच वेगाने.

सरांना हाक मारायला हवी होती. ती मारली नाही.

“रेणू तोच ना?” त्याने कुजबुजत विचारलं. देवळात बोलावं तसा आवाज. “तो मघाचा रेंगाळणारा, आणि हा?”

“तोच. अगदी तोच.”

“मग याला एवढी घाई कसली?”

“घाई नाही ती.” ती पडद्याकडेच बघत होती. “कप्प्याने त्याला आधीपासून धरून ठेवलेलं असतं. सगळ्या बाजूंनी, नेमकं. थोडा ताणून, कुठे वळायचं त्या जागी मोकळा सोडून. तो कितीही वेळ तसा बसून राहतो, पण त्याचं वळायचं ठिकाण ठरलेलं असतं. उजेड येतो तेव्हा ठरवायचं काही उरलेलंच...”

ती थांबली.

चहाचा कप, हसरा मुलगा, सगळ्यांचे रोखलेले डोळे. ती तेव्हा सुटी होती. कुठेही वळली असती. आणि त्या वळण्याला ती इतकी वर्षं वेग समजून घाबरत आली होती.

“सगळेच वळतात का?” तो विचारत होता. “की यातलेही परत जातात?”

“तीनातले दोन वळतात. एक परत जातो.”

“अच्छा.” त्याने खिशात हात घातल्याचा आवाज आला. त्याच्या बोटांत काहीतरी पातळ, फिकट होतं. लाल उजेडात ती कोरी पट्टी अंधुक दिसली. कित्येक महिने खिशात राहून तिच्या कडा मऊ झाल्या होत्या. तो ती नुसती बोटांतून फिरवत राहिला. त्याच्या लक्षातही नसावं. “मग मला आपलं वाटतं,” तो जरा थांबून म्हणाला, “एकदा परत गेलेल्याने पुन्हा उजेडाची वाट बघायला हरकत नसावी. नाही का?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. आता अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता आणि डोळे पुरते तयार होते. तिला सगळं दिसत होतं. भुवईवरची खूण, रबरी बुटांऐवजी आज मुद्दाम घातलेले पॉलिश केलेले बूट, उत्तराची वाट न बघितल्यासारखं करणारी त्याची मान. दर मंगळवारी विचारलेला एकेक नेमका प्रश्न. तीनदा तपासून घेतलेली पेटी. ‘पण’शिवाय म्हटलेलं ‘चुकलं’. हे सगळं किती महिन्यांपासून तिच्याभोवती बसत आलं होतं, आणि ती आपली रोज ठरवायचं ठरवत होती.

तिने हात पुढे करून त्याच्या बोटांतली पट्टी फिरायची थांबवली. हात पुन्हा गारच लागला. या वेळी तिने तो सोडला नाही.

“रविवारी मावशी किती वाजता येणार आहे?”

“सकाळी. का?”

“त्याच्या आधी आईंना सांग,” ती म्हणाली. तो ‘सांग’ तिच्याही कानाला नवा होता. “सांग, तिचं बघून झालं. मला तुझ्याशीच लग्न करायचंय.”